हरायचा राहिलेला डाव

ह्यूस्टन, ऑगस्टअखेर

प्रिय आयडेला,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? माझ्या कोंबड्या अंडी देतायत की माझ्यावर रुसून बसल्यात? (देत असतील तर पाद्रीबाईंना फुकट वाटू नकोस, त्यांनी माझी केकची थाळी अजून परत केलेली नाही.) मी ठीक आहे. म्हणजे, जूनमध्ये आठ दिवसांसाठी लेकीच्या घरी छोटी बॅग घेऊन आलेली बाई ऑगस्टमध्ये जितकी ठीक असेल तितकी.

कोरीन कधी उतरणार, असं तू विचारतेस. अगं, मला कोण सांगतंय? नवंकोरं यान, त्यात माणसं बसवून आठ दिवसांची पहिलीच चाचणी, आणि आपलीच पोरगी त्याची कप्तान. अंतराळ स्थानकाला जाऊन चिकटेपर्यंत त्यातून वायू गळायला लागला आणि काही छोटी इंजिनं बंद पडली. कोरीनच्या ऑफिसातला एक गोड बोलणारा पोरगा दर आठवड्याला फोन करायचा, "बाई, त्या अडकलेल्या नाहीत, मुक्काम वाढलाय." मी म्हटलं, "बाळा, माझी मांजर पिकानच्या झाडावर चढली होती ना, तिचाही मुक्कामच वाढला होता." तेव्हापासून तो ड्वाइटला फोन करतो.

ड्वाइटचं, माझ्या जावयाचं, काय सांगू! पहिल्या आठवड्यात गल्लीतल्या बायकांनी शिजवलेल्या जेवणाचे इतके कॅसरोल आणले की फ्रीजचं दार मिटेना. आता कोणी फिरकत नाही. लोकांना आठ दिवसांची काळजी जमते, त्यापुढची झेपत नाही. हा माणूस मी तळलेली भेंडी ताटात इकडून तिकडे ढकलतो आणि "छान झालीय, आई" म्हणतो. संध्याकाळी स्थानक शेजाऱ्यांच्या छपरावरून जातं, एवढासा ठिपका, तेव्हा अंगणात उभा राहून हात हलवतो. मी म्हटलं, "अरे, तिला दिसत नाही." म्हणाला, "माहितीये." मग मीही हलवला. शेजाऱ्यांना वाटलं त्यांनाच बोलावतोय, ते येऊन बसले आणि उठेचनात.

यान का बिघडलं ते इंजिनिअरांना कळलेलं नाही, मला कळलंय. निघण्याआधी कप्तानाने साहेबांबरोबर पत्ते खेळायचे आणि एक डाव हरल्याशिवाय उठायचं नाही, अशी तिथली रीत आहे. सगळं दुर्दैव त्या डावात जळून जातं म्हणे. (रॉकेट बांधणारी शिकलेली माणसं, आणि हे!) बाकीचे लगेच हरतात. आमची कोरीन हरेचना. यानाकडे न्यायला खाली गाडी उभी, सगळे घामाघूम, शेवटी साहेबच म्हणाले, "राहू दे, चल आता." वरून व्हिडिओवर ती हे हसत सांगत होती. मला हसू आलं नाही. पत्ते तिला मीच शिकवले. लहानपणी रडली तरी मी तिला मुद्दाम जिंकू दिलं नाही, मग पोरगी हरणं शिकणार कुठून? अर्थात माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे तुला माहीतच आहे.

शनिवारी बैठक आहे. त्याच यानातून तिला आणायचं की नाही, ते ठरेल. देवाकडे काय मागावं तेच मला मेलीला कळत नाही. त्यात बसून ये म्हणावं तर भीती वाटते, नको म्हणावं तर मुक्काम आणखी लांबणार, आणि ड्वाइटकडे बघवत नाही. ती आली की मी मात्र एक दिवसही थांबायची नाही. या घरात एकाही सुरीला धार नाही.

तुझी,
व्हर्ना

ता. क. : पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्यात बैठक झाली. यान रिकामंच उतरणार. कोरीन दुसऱ्या यानातून येईल, फेब्रुवारीत. तेव्हा माझा थंडीचा कोट पाठव, कपाटात मागे टांगलाय. बरोबर करडी लोकरही पाठव, ड्वाइटकडे धड स्वेटर नाही. कोंबड्या तूच सांभाळ.

पुन्हा ता. क. : काल जेवण झाल्यावर ड्वाइटला म्हटलं, पत्ते वाट. कोरीनचा राहिलेला डाव तिच्या वतीने मीच हरून टाकते. अगं, हा माणूस इतका वाईट खेळतो की त्याच्याशी हरता हरता माझा जीव मेटाकुटीला आला. चांगली पानं मुद्दाम फेकावी लागली. शेवटी एकदाची हरले. "आई, तुम्ही हरलात!" म्हणून तो जूननंतर पहिल्यांदा हसला, आणि मी नळ सोडून बाथरूममध्ये रडून घेतलं. चर्चमध्ये यातलं कुणाला सांगू नकोस. रडले ते एक वेळ सांग, हरले ते नको.