अर्ध्या इंचाचा पाइप

आयसेलिन, शनिवार, १२ एप्रिल १९८६

प्रिय नीला,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र बाजूला ठेवू नकोस. आई दर रविवारी सकाळी तुला बसवून मराठी वाचायला शिकवायची, तेव्हा मी कुरकुर करायचो. आज तेच माझ्या कामी येतंय. ऑगस्टपासून तुझा रविवारचा फोन मी उचलला की तू ‘आईला द्या’ एवढंच म्हणतेस. आठ महिने झाले. थकलो गं मी याला.

आज दिवसभर बेसमेंटमध्ये होतो. तुझ्या फिश टँकचा पाइप बदलला, गुडघे अजून बोलतायत. ऑगस्टमध्ये तू कागदावर काढून दिलं होतंस: पंप खाली, टँक वर हॉलमध्ये, पाणी आठ फूट चढवायचं, म्हणून पाइप एक इंची हवा. मी अर्धा इंची टाकला. पंपाचं तोंडच अर्ध्या इंचाचं, त्याला मोठा पाइप कशाला, असं तुला सुनावलं. वर हेही, की इंजिनिअरिंग सोडून मासे शिकायला गेलेल्या मुलीने पंचवीस वर्षं कारखान्यांच्या पाइपलाइन आखणाऱ्या बापाला शिकवू नये. त्र्यंबककाका जेवायला आले होते, त्यांच्यादेखत म्हणालो. तू ताटावरून उठलीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गेलीस.

खरं काय ते आता सांगतो. बाथरूमच्या कामातून उरलेले अर्धा इंची तुकडे गॅरेजमध्ये पडून होते. माझी सवय तुला माहीत आहे, माझ्याने दह्याचे रिकामे डबेसुद्धा टाकवत नाहीत. तेच तुकडे जोडत गेलो, दर दोन फुटांवर सांधा आणि वळणांना सहा एल्बो. ऑफिसात कुणी असं ड्रॉइंग आणलं असतं तर मी न बोलता परत केलं असतं. तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून वापरले, एवढं कबूल करायला जीभ रेटेना. मग ते पंपाच्या तोंडाचं शास्त्र काढलं.

पाणी पुरेसं फिरेना, म्हणून हिवाळाभर मासे हवेसाठी वर येऊन तोंड उघडत राहायचे. दोन गेले, तुझा तो काळ्या पट्ट्यांचा धरून. तुला कळू द्यायचं नाही असं मी आईला बजावलं, म्हणून ती फोनवर सगळे छान आहेत म्हणत राहिली. तिच्यावर रागावू नकोस.

एक इंची पाइप आणला, पंपाच्या अर्धा इंची तोंडाला लागूनच जोड देऊन मोठा करून घेतला आणि वळणं दोनच ठेवली. आधी वरून पडणाऱ्या पाण्याने पाच गॅलनची बादली भरायला दीड मिनिट लागायचं. आज घड्याळ लावून पाहिलं, पन्नास सेकंद. तुझं बरोबर होतं. पाइपचं होतंच, मासे शिकायला गेलीस तेही.

तुझ्या पदवीदानाचं कार्ड मंगळवारी आलं. त्यावर एकट्या आईचं नाव आहे. ती हायवेवर ड्राइव्ह करत नाही, म्हणजे तुझ्या त्या स्टेट कॉलेज गावापर्यंत चार तास तिला मीच आणणार. तू म्हणालीस तर मी बाहेर गाडीत बसून राहीन, तेवढं माझं चुकलंच आहे. पण मला आत यायचंय गं. पुढच्या रविवारी फोन मीच उचलीन. आईला द्या म्हणण्याआधी तेवढं सांग.

तुझाच,
बाबा