पाणी आत घेणारा सूट

२ मार्च

निवड झाली! मॅडमनी स्वतः फोन केला. प्रवाळाच्या पाहणीचं सगळं काम त्याच बघतात. एप्रिलच्या अखेरीस निघायचं, दीड महिना बेटावर राहायचं, रोज सकाळ-दुपार पाण्यात. मास्क, स्नॉर्कल, फिन्स तिथे मिळतील. "वेटसूट मात्र स्वतःचा आण. दुसऱ्याचा कधी धड बसत नाही."

आईने विचारलं, "पगार?"
"राहणं आणि जेवण."
"म्हणजे नाही."

बाबा पंक्चर काढायला टायर उलटा करून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "पाण्याखाली जाऊन काय करायचं असतं?" म्हटलं, प्रवाळ मोजायचे. किती आहेत, केवढे आहेत, कोणता वाढला, कोणता नाही. ते "हं" म्हणाले. त्यांच्या "हं"चे निदान दहा अर्थ असतात. हा कुठला ते कळलं नाही.

५ मार्च

तीन वर्षं प्रवाळाचा अभ्यास केला आणि एकही जिवंत प्रवाळ पाहिलेला नाही! हे कुणाला सांगायचीही लाज वाटते. कॉलेजच्या काचेच्या कपाटात होते ते — धूळ बसलेले, पिवळट, चिठ्ठ्या चिकटवलेले. मी त्यांची चित्रं काढली, नावं पाठ केली, पहिला वर्ग मिळवला. बाबा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, "आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. माशांची डॉक्टर." मासेही नाहीत आणि डॉक्टरही नाही. पण दुरुस्त करवत नाही.

एकदा, फक्त एकदा, ते रंगात बघायचेत. त्यांची तोंडं उघडलेली असताना. डोळे मिटले की निळं दिसतं, आणि मग पुढे काही दिसतच नाही, कारण पुढचं मी पाहिलेलंच नाही.

असो. सूट. अंगाला घट्ट बसणारा, रबरी. अर्ध्या बाह्यांचा की पूर्ण? दोन मिलिमीटर की तीन? पाणी कोमट असतं, मग जाड कशाला, असं आधी वाटलं. पण वाचलं की कोमट पाणीही तास-दोन तासांत अंगातली ऊब ओढून घेतं. आणि मला तर तासन् तास एका जागी तरंगत मोजायचंय. शिवाय ऊन, जेलीफिश, खरचटणं. पूर्ण, तीन मिलिमीटर. ठरलं.

(झिंगी म्हणते, "लग्नाच्या साडीला एवढा विचार नाही करणार तू." कॉलेजात कोळंबीवर प्रकल्प केला म्हणून ती झिंगी. तिने बोलू नये, तिला चप्पल घ्यायलाही तीन रविवार लागतात.)

९ मार्च

आई बरोबर आली. नको म्हटलं होतं.

कपडे बदलायची खोली म्हणजे पडदा लावलेला कोनाडा. वेटसूट घालणं म्हणजे... काय सांगू! दुकानदाराने पायांत घालायला प्लॅस्टिकच्या पिशव्या दिल्या, म्हणजे पाय सरकतो. सरकला, पण गुडघ्यापर्यंतच. एका पायावर नाचत भिंतीवर आदळले. बाहेरून आई : "पडलीस का?" मी : "नाही!" परत आदळले. "आता पडलीस ना?"

बाहेर आले तेव्हा आई माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघत राहिली. मग हळूच, "हे घालून बाहेर जाणार?"
"पाण्यात जाणार, आई. आत कोण बघतंय?"
"मासे बघतात की."

मग तिने माझ्या पाठीवरचं रबर चिमटीत धरायचा प्रयत्न केला. धरलं जाईना. "एक नंबर मोठा द्या हो," दुकानदाराला म्हणाली, "पोरीचा श्वास कोंडेल." तो हसला. "काकू, सैल घेतला तर आत पाणी खेळत राहतं. सारखं नवं, सारखं गार. कुडकुडेल ती." मग मला म्हणाला, हात वर करा, खाली बसा, मोठा श्वास घ्या. काखेत पोकळी नाही, कमरेच्या खोलगटात पोकळी नाही, गळा जरा करकचतो, पण पाण्यात सैलावतो म्हणे.

घेतला! मी शिकवण्या घेते त्या पैशातून. काळा, हाताला निळी पट्टी, पाठीवर चेन.

१० मार्च

दार लावून दोनदा घातला. दुसऱ्यांदा तसाच घालून पलंगावर पालथी पडले, हात पसरून. आई आत आली. काही न विचारता परत गेली.

१४ मार्च

बाबांनी सूट टबात बुडवला!

दुकानात पंक्चर शोधायचा पाण्याचा टब आहे. ट्यूब बुडवायची, बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. त्यांनी माझी बाही त्यात बुडवली, पिळली, आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं जणू मला भर बाजारात लुटलंय.

"पाणी आत जातंय."
"जातं, बाबा. जायलाच हवं."
"पाणी आत जाणार तर घालायचा कशाला?"

मी नीट समजावलं. थोडं पाणी आत येतं, अंग आणि रबर यांच्यामध्ये पातळ थर होऊन अडकतं, आपलं अंग ते तापवतं. मग ऊब टिकते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "हं," म्हणाले. टबाकडे बघत होते.

१९ मार्च

पोहण्याच्या तलावावर सूट घालून गेले. दुपारी गर्दी नसते. पहिल्यांदा गार पाणी पाठीवरून शिरलं आणि मी किंचाळले, मग हळूहळू ते माझंच झालं. तोंड खाली घालून तरंगत राहिले. खाली निळ्या फरशा. एक केसांची क्लिप पडलेली. ती किती लांब, कुठल्या कोनात, सगळं मनात टिपलं. म्हणजे सराव!

तिथे फरशा नसतील. तिथे खाली कोणीतरी जगत असेल.

मला मनापासून वाटतं, ज्याचं आपण नीट मोजमाप ठेवतो ते आपण सहजासहजी मरू देत नाही. झिंगी म्हणते मी भाबडी आहे. असेन.

२६ मार्च

लिहायला हात वळत नाही.

शिकवणीहून आले तर बाबा दुकानाच्या पायरीवर माझी वाट बघत उभे. चेहरा लहान मुलासारखा. "ये, दाखवतो." सूट खुंटीला टांगलेला. चेनच्या पूर्ण लांबीवर पंक्चरचं सोल्युशन आणि त्यावर ट्यूबची पट्टी. गळ्याला पट्टी. मनगटांना पट्टी. शिवणींवर ठिगळं — एकसारखी, कडा घासून घेतलेली, त्यांच्या कामात कधी खोट नसते. "आता थेंब जाणार नाही," म्हणाले. "तीनदा बुडवून बघितला."

चेन आत चिकटून गेली आहे. सूट घालताच येणार नाही.

"बाबा, विचारायचं तरी!"
"विचारलं होतं. तू म्हणालीस पाणी आत जातं."
"मग मी समजावलं ना!"
"समजलं मला. पण तू तिथे खाली असताना काही झालं, तर मी कोणाला विचारू?"

आईने दोघांपुढे चहा ठेवला आणि बाबांना म्हणाली, "पोरगी समुद्रात चालली आहे, तिचा टायर झालेला नाही."

२७ मार्च

आज दुकान बंद ठेवलं. बाबांनी! तापातही बंद ठेवत नाहीत.

दोघं मिळून ठिगळं काढत बसलो. ते पेट्रोलचा बोळा फिरवत होते, मी बोटांनी सोलत होते. हळू. जोर केला की खालचं रबरही फाटतं. गळ्याशी थोडं फाटलंच. संध्याकाळपर्यंत चेन अर्धी सरकली. बाबा एकदाच बोलले, "पक्कं काम करून ठेवलं मेल्याने." स्वतःलाच म्हणाले.

२ एप्रिल

चेन पूर्ण सरकते! एका जागी अडकते, मग ऐकते. गळ्याला झिंगीच्या मामीने आतून अस्तर लावून दिलं. वास मात्र पेट्रोलचा. चालेल, मासे लांब राहतील.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, "ते तुझे प्रवाळ दाखव." फोनवर दाखवले. जांभळे, शेंदरी, पोपटी. कितीतरी वेळ बघत होते.

"झाड आहे?"
"प्राणी. लहान लहान, हजारो, एकमेकांना धरून एकच घर बांधतात."
"एकत्र कुटुंब," म्हणाले. मग, "खरंच असे रंग असतात की फोटोतले?"
"बघून आले की सांगते."
"सांग. मला नीट सांग हं."

मला वाटतं, त्यांनी मला जायला सांगितलं. आज पहिल्यांदा.

१३ एप्रिल

मॅडमचा फोन. सूट आणू नकोस म्हणाल्या. पाणी बत्तीस अंशांच्या वर गेलंय आणि उतरायचं नाव घेत नाही. तीन आठवडे झाले. साधा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट पुरे. त्या उष्णतेने प्रवाळाने रंग टाकून दिले, या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं पांढरं. मेलेलं नाही अजून, उपाशी आहे, कारण रंग देणारं आतलं शेवाळच त्याला भरवतं. "आधीची गाडी मिळाली तर ये. किती उरतंय ते मोजायचंय."

बाबांनी विचारलं, काय म्हणाल्या? म्हटलं, सूट नको म्हणाल्या, पाणी गरम आहे.

त्यांचा चेहरा असा उजळला! "कोमट पाणी! अगं, मग काळजीच मिटली." आईला हाक मारून सांगितलं. समोरच्या पानवाल्याला सांगितलं. कितीतरी दिवसांनी शीळ घालत कामाला बसले.

मी बाबांना हो म्हटलं. बॅग भरते आहे.