कै. डेल्मर राउश यांना तिमाही हजेरीतून मोकळे करण्याबाबत

प्रति,
मा. शेरीफ साहेब,
लैंगिक गुन्हेगार नोंदणी कक्ष,
टॅमरॅक काउंटी, कोर्टाची इमारत (तळघर),
ग्रीब लेक.

अर्जदार : लेलँड टोफ्टे, वय ७६, येथील साप्ताहिकाचा निवृत्त विनोदी स्तंभलेखक, राहणार मेपल रस्ता, ग्रीब लेक.

विषय : नोंदणीकृत इसम डेल्मर राउश हे मयत असल्याने त्यांचे नाव यादीतून कमी करणे व तसे लेखी कळवणे.

संदर्भ : १) आपल्या कक्षाची नोटीस, "प्रत्यक्ष हजर न राहिल्यास अटक". २) हॅलोविनच्या दिवशी माझ्या दारावर आपल्या खात्याने ठोकलेली पाटी.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून कळवतो की डेल्मर राउश हा माझा शाळेपासूनचा मित्र गेल्या ऑगस्टमध्ये फुप्फुसाच्या आजाराने वारला. सध्या तो माझ्या घरी कपडे धुण्याच्या खोलीत, मशीनच्या वरच्या फळीवर, एका निळ्या कलशात राहतो. "राहतो" हा शब्द माझा नाही, आपल्या कक्षाच्या संगणकाचा आहे. तो संगणक डेल्मरला जिवंत मानतो. मी वादात पडलेलो नाही, कारण आयुष्यभर विनोद लिहूनही डेल्मरबद्दल इतकी छान गोष्ट मला सुचली नव्हती.

२. डेल्मर यादीत कसा आला, हे आपण नवीन असल्याने थोडक्यात सांगणे भाग आहे. सव्वीस वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आमच्या बेसबॉल मैदानावर सामना चालू असताना त्याने लिंबू सरबताचे दोन मोठे पेले रिचवले. स्वच्छतागृहापुढे रांग होती. धावफलकाच्या मागे रांग नव्हती. दुर्दैवाने फलकाच्या फळ्यांमध्ये फटी होत्या आणि पलीकडे पाहुण्या संघाच्या प्रशिक्षकांची पत्नी सँडविच मांडत होती. सरकारी वकील म्हणाले, "मुलं होती मैदानात." डेल्मरचा वकील म्हणाला, "अरे सही कर नि घरी जा, जेवण थंड होईल." डेल्मरने सही केली, किरकोळ दंड भरला आणि घरी जाऊन जेवला. त्या कागदावर यादीचा उल्लेख नव्हता, कारण तेव्हा त्या गुन्ह्याला यादी नव्हतीच. चार वर्षांनी कायदा बदलला, मागच्या तारखेपासून लागू झाला, आणि डेल्मरला पत्र आले की आपण आजन्म नोंदणीकृत आहात. त्याला कोणी बोलावले नाही, विचारले नाही, तो धोकादायक आहे की नुसताच तहानलेला होता हे कोणी तपासले नाही. त्याने अपील करायचे ठरवले तेव्हा कळले की अपिलाची मुदत यादी निघण्याआधीच संपली होती.

३. येथे एक गोष्ट गंभीरपणे नमूद करतो, गैरसमज नको. ही यादी कोणासाठी केली हे मला ठाऊक आहे. आमच्याच गल्लीत एक आई आहे, तिच्या लेकीच्या बाबतीत जे घडले त्यावर मी कधी विनोद केला नाही, करणारही नाही. ती बाई रोज आपल्या कक्षाचा इंटरनेटवरचा नकाशा उघडून नोंदणीकृत घरांचे लाल ठिपके पाहते. तिला त्या ठिपक्यांत लांडगा ओळखता यायला हवा. पण आपण लांडग्याला आणि सरबत प्यायलेल्या माणसाला एकाच लाल रंगात रंगवता, आणि आता रक्षाकलशालाही. तिला भीती मात्र तिन्हींची सारखीच वाटते. याला तिचे संरक्षण म्हणावे काय, याचा आपण विचार करावा.

४. आता मूळ तक्रार. डेल्मरची पत्नी इर्मा हिने सव्वीसपैकी बावीस वर्षे नवऱ्याची नोंदणी संसारासारखी सांभाळली. गाडी बदलली, कळवले. फोन बदलला, कळवले. बहिणीकडे थँक्सगिव्हिंगच्या सणाला तीन रात्रींहून जास्त राहायचे झाले की आधी कळवले आणि मग टर्की भाजायला घेतली. एका हिवाळ्यात डेल्मरने मिशी काढली. "चेहऱ्यात बदल तीन दिवसांत कळवला नाही" म्हणून आपल्या आधीच्या शेरीफसाहेबांनी त्याला एक रात्र आत ठेवले. तेव्हापासून डेल्मर आरशापुढे उभा राहिला की इर्मा ओरडायची, "ए, वस्तरा खाली ठेव! आधी वँडाला फोन करू दे!" वँडा म्हणजे आपल्या कक्षातील लिपिकबाई.

५. डेल्मर इस्पितळात गेला तेव्हा त्याने आपल्या कक्षात इर्माच्या नावे अधिकारपत्र दिले : पत्ता, गाडी व फोन यांतील बदल तिने कळवावेत. तो वारला. इर्माला ते घर एकटीने झेपेना, म्हणून तिने सरकारी मदतीच्या वृद्ध निवासात अर्ज केला. त्या अर्जात प्रश्न होता : कुटुंबात आजन्म नोंदणीकृत व्यक्ती आहे काय? दुसऱ्या कोणी "नाही" लिहिले असते. इर्माने लिहिले, "होय. माझा नवरा. तो कलशात आहे." तेथील व्यवस्थापक किप हा सभ्य तरुण आहे. त्याने नियम दोनदा वाचला आणि म्हणाला, "मिसेस राउश, नोंदणीकृत व्यक्तीला इथे राहता येत नाही, एवढंच लिहिलंय हो. जिवंत की मेलेली, ते नाही लिहिलेलं. माझी नोकरी जाईल." म्हणून इर्मा निवासात गेली आणि डेल्मर माझ्याकडे आला. मी त्याला दिवाणखान्यात शेकोटीवरच्या फळीवर जागा दिली. शाळेत असताना तो माझ्या शेजारच्या बाकावर बसून माझीच उत्तरे बघून लिहीत असे. तेव्हा इतकी शांत सोबत त्याने कधी केली नव्हती.

६. आणि मग जे झाले ते या देशात फक्त नोंदणीकृत माणसाच्या बायकोच्याच हातून होऊ शकते. डेल्मर मेला की सगळे संपते, हे इर्माच्या मनातच आले नाही. तिच्या मनात आले, "अरे देवा, तीन दिवस होत आले आणि आपण पत्ता कळवलाच नाही!" ती बस पकडून कोर्टाच्या तळघरात गेली आणि पत्ताबदल लिहून दिला : "हल्ली मुक्काम लेलँड टोफ्टे यांच्या शेकोटीवर." संगणकाने तो स्वीकारला. त्याच आठवड्यात माझे घर नकाशावर लाल झाले आणि मेपल रस्त्यावरील प्रत्येक घरी पत्रक गेले की आपल्या शेजारी एक नोंदणीकृत इसम राहायला आला आहे. समोरच्या बाईंनी मला पडद्याआडून हात केला. पूर्वी त्या पडदा उघडून करीत.

७. मी ताबडतोब मृत्यूचा दाखला घेऊन आपल्या कक्षात गेलो. वँडाबाईंनी तो वाचला, डोळे पुसले आणि परत दिला. त्या अंत्यविधीला आल्या होत्या, भट्टीत भाजलेले बटाट्याचे कॅसरोल त्यांनीच आणले होते. म्हणाल्या, "मिस्टर टोफ्टे, मला माहितीये हो तो गेलाय. पण नाव कमी करायचा अर्ज नोंदणीकृत व्यक्तीनं स्वतः येऊन द्यायचा असतो." मी म्हणालो, "आणि इर्मा?" "तिला फक्त पत्ता, गाडी आणि फोन. मरणाचं अधिकारपत्रात नाहीये." मी विचारले, डेल्मरने ते आधी लिहून ठेवायला हवे होते काय? त्या म्हणाल्या, "ठेवलं असतं तर बरं झालं असतं."

८. पुढच्या आठवड्यात उपशेरीफ हूपर मोजायची फीत घेऊन आले. शाळेपासून एक हजार फुटांच्या आत नोंदणीकृत व्यक्तीने राहू नये, असा नियम आहे. त्यांनी शाळेच्या फाटकापासून माझ्या शेकोटीपर्यंत मोजले. वाटेत माझ्या ट्यूलिपच्या वाफ्यात त्यांचा बूट रुतला. मोजून झाल्यावर डोके खाजवीत म्हणाले, "लेलँड, वीस फूट कमी पडतायत. तू असं कर, त्याला मागं धुण्याच्या खोलीत ने. तिथं बसतंय नियमात." मी म्हणालो, "हूपर, तिकडे थंडी असते रे." ते गंभीरपणे म्हणाले, "मशीन चालू ठेव." डेल्मरला हलवताना त्यांनी टोपी काढून हातात धरली होती, हे मी मुद्दाम नमूद करतो. आपल्या खात्यात माणसे वाईट नाहीत. म्हणूनच तर एवढे सगळे सुरळीत पार पडते.

९. ऑक्टोबरमध्ये तिमाही हजेरीची नोटीस आली. "प्रत्यक्ष हजर न राहिल्यास अटक." हे वाचून इर्मा रडू लागली. मी समजावले, अगं त्याला कुठे नेणार अटक करून? ती म्हणाली, "तू नाही पाहिलंस, लेलँड. मिशीसाठी नेला होता त्याला. मिशीसाठी!" मग मी कलश मांडीवर घेऊन, गाडीत त्याला पट्टा लावून, ठरलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटे आधी तळघरात हजर झालो. वेळेआधी पोचायची सवय डेल्मरची. माझी नाही.

वँडाबाईंनी प्रश्न विचारले आणि मी डेल्मरच्या वतीने खरी उत्तरे दिली. वजनात काही बदल? बदल आहे : पूर्वी दोनशे बारा पौंड, आता सहा. केसांचा रंग? राखाडी, सर्वांगी. नोकरी? नाही. इंटरनेट वापरता काय? फारसे नाही. मग छायाचित्राची वेळ आली. मागे रांग होती. रांगेतला एक जण हसला आणि लगेच घाबरून गप्प झाला, कारण तो स्वतःही हजेरीलाच आला होता. वँडाबाई कॅमेऱ्यामागून कलशाच्या झाकणाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "टोपी काढायला लागेल." मी म्हणालो, "वँडाबाई, टोपी काढली तर सगळाच बाहेर येईल." त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात पेन टेकवले. "बरं. धार्मिक कारण लिहिते." छायाचित्र छान आले आहे. डेल्मर हसत नाही, पण तो परवान्याच्या फोटोतही हसला नव्हता.

आणि त्याच वेळी, डेल्मर प्रत्यक्ष समोर असताना, मी नाव कमी करण्याचा अर्ज पुढे केला. वँडाबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी पेन काढून दिले आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवले. मग आम्ही दोघेही त्या पेनाकडे बघत बसलो.

१०. हॅलोविनबद्दल मी बोलणार नव्हतो. पण संदर्भात घातले आहे, तेव्हा बोलतो. त्या संध्याकाळी वेश करून दारोदार खाऊ मागायला येणाऱ्या मुलांना अख्खी चॉकलेटे वाटणारे घर मेपल रस्त्यावर माझे एकट्याचे. बाकी सगळे चिमूटभर वाटतात आणि वर दात किडतात म्हणून सांगतात. यंदा दुपारीच आपल्या माणसांनी दारावर पाटी ठोकली : "या घरी खाऊ मिळणार नाही." संध्याकाळी चेटकिणी, भोपळे, दोन अंतराळवीर आणि सांगाडे रस्त्यापलीकडून माझ्या दाराकडे बघत गेले. शेरीफच्या वेशातली एक चिमुरडी फाटकाशी थांबली, छातीवर पत्र्याचा बिल्ला, आणि मोठ्याने म्हणाली, "मिस्टर टोफ्टे, तुम्ही काय केलंत?" तिची आई तिला ओढून घेऊन गेली. त्या रात्री चार डझन चॉकलेटे मी एकट्याने संपवायला घेतली आणि मला प्रथमच कळले की डेल्मर बावीस वर्षे हॅलोविनला दिवे मालवून का बसत असे. तो म्हणायचा, लवकर झोप येते. मी त्यावर एक विनोदी लेखही लिहिला होता. लोक खूप हसले होते. डेल्मरही.

११. सबब विनंती अशी की :

(अ) डेल्मर राउश यांचे नाव यादीतून कमी करावे. कायद्यात "आजन्म" असा शब्द आहे. तो जन्म ऑगस्टमध्ये संपला. आपल्या खात्याने शिक्षा एक दिवसही कमी केली नाही, याबद्दल अभिनंदन. आता एक दिवसही जास्त करू नये.

(ब) मयताचे नाव कमी करण्यासाठी मयताची सही लागू नये, असा आदेश काढावा. हे मी सर्व मयतांच्या वतीने मागतो. त्यांच्यापैकी कोणाचीही हरकत आलेली नाही.

(क) जे अजून जिवंत आहेत आणि धावफलकामागच्या वर्गातले आहेत, त्यांना निदान एकदा कोणासमोर तरी उभे करून "हा माणूस खरोखर धोक्याचा आहे काय" असा प्रश्न विचारला जावा आणि उत्तर नाही आले तर बाहेर जायचे दार असावे. रांगेत माझ्या मागे हसून गप्प झालेल्या त्या गृहस्थाचे नाव मला माहीत नाही. त्याच्यासाठी हे कलम.

(ड) आणि हे सर्वांत महत्त्वाचे. बाकी काही जमले नाही तरी चालेल, हे जमवावे. इर्मा रविवारी दुपारी माझ्या धुण्याच्या खोलीत खुर्ची टाकून बसते आणि डेल्मरबरोबर रेडिओवर सामना ऐकते. अंधार पडायच्या आत उठते. मी गेल्या रविवारी म्हणालो, "इर्मा, पिशवीत घाल आणि घेऊन जा त्याला. किपला कोण सांगतंय?" ती माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू मी बँक लुटायला सांगतोय. म्हणाली, "नको रे. पकडलं तर त्याला परत नेतील." मग कलशावरची धूळ स्वेटरच्या बाहीने पुसत म्हणाली, "तू शिकलेला आहेस, तू लिही त्यांना. एक कागद द्या म्हणावं. 'डेल्मर राउश यांनी आता कुठंही हजर व्हायचं नाही.' एवढंच. शिक्का मारून. मी त्याला वाचून दाखवीन आणि मग घरी नेईन. खिडकीत जागा करून ठेवलीये त्याला."

तो कागद थँक्सगिव्हिंगपूर्वी मिळावा. इर्मा त्या दिवशी स्वतःचे आणि डेल्मरचे अशी दोन ताटे मांडणार आहे आणि तिसरा मी आहे.

न मिळाल्यास आमची काही तक्रार नाही. जानेवारीची हजेरी आहेच. डेल्मर आणि मी पंधरा मिनिटे आधी येऊ. मीही सत्त्याहत्तरीत चाललो आहे. कधी माझे काही झालेच तर डेल्मरचा पत्ता पुन्हा बदलेल, आणि इर्मा तो तीन दिवसांच्या आत कळवील. तिच्याबद्दल आपण निर्धास्त असावे.

आपल्या नकाशावरचा एक लाल ठिपका व आपला नम्र,

(सही)
लेलँड टोफ्टे
ग्रीब लेक, १२ नोव्हेंबर

सोबत :
१) मृत्यूच्या दाखल्याची प्रत (चौथ्यांदा).
२) डेल्मर यांचे ताजे छायाचित्र, टोपीसह, वँडाबाईंच्या "धार्मिक कारण" या शेऱ्यासहित.
३) "या घरी खाऊ मिळणार नाही" ही पाटी, खिळ्यांसह परत. त्या चिमुरड्या शेरीफसाठी एक चॉकलेट मागे ठेवले आहे, तिला कळवता आल्यास कळवावे.
४) कोरा कागद, इर्माने दिलेला. शिक्क्यासाठी जागा तिने पेन्सिलीने आखून ठेवली आहे.