आजोबांची बत्तीस बोअर आणि मी

३ ऑक्टोबर, शुक्रवार
दुरुस्ती. काल दसऱ्याच्या नोंदीत लिहिलं, "आजोबांनी पूजेच्या पाटावरचं बत्तीस बोअर रिव्हॉल्व्हर माझ्या हाती दिलं आणि मी ते निर्भयपणे घेतलं." हे चूक आहे. मी ते ओढणीत धरून घेतलं आणि लगेच पाटावर परत ठेवलं. वस्तीवरून शाळा लांब, म्हणून चौथीपर्यंत विजयाआत्यानेच घरी शिकवलं. तिचा नियम होता, चुकलं तर खोडायचं नाही, दुसऱ्या दिवशी खरं लिहायचं. लिहिलं.

बाकी सगळं बरोबर आहे. आजोबांचं लायसन्स आता माझ्या नावावर झालंय. शेजारी गोरक्षकाकांच्या वस्तीवर चोरी झाल्यापासून आईने एकच धोशा लावलाय. दिवाळी झाली की घराला कुलूप घालून पार्थदादाकडे नगरला, सावेडीत जायचं. आजोबा म्हणाले, मी कोल्हार सोडणार न्हाई, तू जा. म्हणजे घराचे दोन तुकडे. मी म्हटलं, कोणी कुठे जाणार नाही, मी आहे ना. आई म्हणाली, तू? पाल निघाली की तू खुर्चीवर चढतीस.
पाल हा वेगळा विषय आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार
घाई नको. आधी काडतूस नीट निवडायचं. अमेरिकन लोकांचे व्हिडिओ पाहिले. सरावाला एक प्रकार, घराच्या रक्षणाला दुसरा. घरासाठीची गोळी भिंतीतून पलीकडे जाता कामा नये. आपल्या पडवीला पत्रा आहे आणि पत्र्यापलीकडे गाय. शिवाय चोराचाही विचार करायला हवा, त्यालाही घरी कोणी असेलच.
निष्कर्ष: गोळी जोरदार पण मवाळ हवी. चोराला थांबवणारी, पण फार न लागणारी. गाईपर्यंत न पोचणारी.
असं काडतूस नक्की मिळत असणार. एवढा मोठा देश आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार
नगरला दुकानात गेले. दुकानदार श्रीमंतशेठ यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. गाईचंही. मग काउंटरवर एक बॉक्स ठेवला आणि म्हणाले, मॅडम, आपल्याकडे बत्तीसला हे येतं.
दुसरं काय आहे, विचारलं. म्हणाले, दुसऱ्या बॉक्समधलं.
मी विचार करून सांगते म्हटलं. ते म्हणाले, करा की, ते कुठं चाललंय.
न घेता परत आले. जिथे पर्यायच नाही तिथे निवड घाईने करू नये.
आजोबांनी विचारलं, काडतूस बघाया गेल्तीस का नवरा? आई म्हणाली, मामंजी, नवरा आसता तर येवढी चौकशी केली नसती.

१५ ऑक्टोबर, बुधवार
प्रश्न सुटला! देवघरातल्या डबीत आजोबांची जुनी काडतुसं आहेत. सरावाला ती वापरायची. आजोबा म्हणाले, ने, लई जपलीत. आईला सांगितलं, दिवाळीनंतर लगेच नेमबाजीच्या रेंजवर जायचं. ती बॅगेची चेन दुरुस्त करत होती. करू दे. बॅग लागणार नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार
नगरच्या रेंजवर. आजोबा बरोबर. कोच निकिता मॅडम, माझ्याच वयाच्या. पहिली गोळी. खट्. निकिता मॅडम म्हणाल्या, हलू नका, नळी समोरच धरा, थांबा, गोळी उशिराही सुटते. थांबले. हलण्याची माझीही तयारी नव्हती. दुसरी, खट्. मग त्यांनी सगळी काडतुसं काढून घेतली, एकाचा वास घेऊन पाहिला आणि विचारलं, हे तूप आहे का?
आजोबा अभिमानाने म्हणाले, तूप बी आणि दही बी. दर दसऱ्याला पंचामृताचं न्हाण घालतो, मग हळदकुंकू. आंघोळीबिगर पूजा कशी हुईल?
म्हणजे माझ्या जन्माआधीपासून आमच्या घराचं रक्षण हळद करत होती.
नोंद: गोळी सुटलीच नाही, त्यामुळे माझा नेम चुकला असं कोणालाही म्हणता येणार नाही.
मग निकिता मॅडमनी क्लबचं एक चांगलं काडतूस भरून दिलं. आवाज झाला. डोळे उघडले तेव्हा मी खाली बसलेली होते आणि रिव्हॉल्व्हर मॅडमच्या हातात होतं. माझा कागद कोरा. शेजारच्या लेनमधल्या माणसाच्या कागदावर मात्र एक भोक जास्त निघालं. ते कोणाचं यावर एकमत झालं नाही. त्याचा तो त्या दिवसातला सर्वात चांगला नेम होता.
येताना श्रीमंतशेठकडून तोच बॉक्स घेतला. पूर्ण विचारांती.

२ नोव्हेंबर, रविवार
घरात सराव सुरू. काडतुसं कपाटात, किल्ली आजोबांच्या कनवटीला, रिव्हॉल्व्हर रिकामं. सहा वेळा तपासलं. दिवेलागणीला पडवीत पाऊल वाजलं. मी दारात उभी राहून ओरडले, कोण आहे, हात वर! आईने हात वर केले. दुधाची चरवी हातात होती.
सराव म्हणून यशस्वी. फक्त चहा कोरा प्यावा लागला.
आई म्हणाली, चोर वर्सातनं एकदा यील, तू रोज हायस.

८ नोव्हेंबर, शनिवार
गोरक्षकाका आता बांधावरूनच ओरडतात, मी हाय, गोरक्ष! डेअरीवाला फाटकाबाहेरून हॉर्न देतो. रेंजवरची हकीकत आजोबांनी पारावर सांगितली, डोळे मिटून मारती, कुणाला लागंल नेम न्हाई. मला राग आला. मग लक्षात आलं, ही दहशत आहे. व्हिडिओंत हिला फार महत्त्व आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
आई सावेडीला जाणार नाही! ती म्हणाली, आता इकडं चोर कशाला यील, आख्ख्या गावाला ठावं हाय.
मी म्हटलं, बघ, मी सांगितलं नव्हतं? ती म्हणाली, व्हय बाई. पन आता तू जा दादाकडं. आमी लोकांस्नी सांगू, ती हाय घरातच.
आजोबाही लगेच म्हणाले, जा, ज्ञानू. इतक्या पटकन ते कधीच आईशी सहमत होत नाहीत.
वहिनीला फोन केला. ती म्हणाली, तुम्ही या, ते आणू नका. म्हणून निघण्याआधी रिव्हॉल्व्हर पोलीस स्टेशनला जमा करायचं.
घराच्या रक्षणासाठी मी घराबाहेर असणं आवश्यक आहे, हे शांतपणे पाहिलं तर पटतं. बॅग आईने भरून ठेवली आहे. सोमवारी, १७ नोव्हेंबरला, सकाळच्या एसटीने निघते.