पाठमोरा निरोप

भातकुडगाव, ता. शेवगाव
१९ जानेवारी २०२५

प्रिय ओंकारभावजी यांस,

आशीर्वाद. आम्ही सगळे खुशाल. तूर काढून झाली, तांबड्या गाईला कालवड झाली. फोनवर घरचा विषय निघाला की तुमची मीटिंग सुरू होते, म्हणून हा पत्राचा खटाटोप.

आबांबद्दल लिहायचं आहे. ते हाकेला ओ देत नाहीत, हे सगळ्यांनाच दिसत होतं. रंगुआत्या म्हणायच्या, "भिमाजी पयल्यापासून असाच. नको ते ऐकतच न्हाई." तुमचे दादा चिडून आवाज चढवायचे. मला वाटायचं, सासरेबुवा माझ्यावरच रुसलेत. ज्याचा स्वभाव, तसं त्याचं निदान!

आणि आपली ईश्वरी, पाच वर्षांची. परवा आबा गोठ्यात पाठमोरे बसून धार काढत होते. पोरीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, ते वळेपर्यंत थांबली, मग समोर उकिडवी बसून सावकाश बोलू लागली. आबा हसत उत्तरं देत होते. मी दारातच खिळले. हे तिला शिकवलं कोणी?

विचारलं तर म्हणते, "मम्मी, आबांना पाठीमागून न्हाई ऐकू येत. त्वांड दिसलं की येतं. तुला ठाव न्हाई?" वर सहज म्हणाली, "काका पन पाठीमागूनच बोलला हुता."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाचं म्हणत होती. आबा गुरांना वैरण टाकत होते. तुम्ही पिशवी घेऊन "येतो, आबा" म्हणालात. वडीलधाऱ्यानं "ये" म्हटल्याशिवाय आपल्यात कोणी निघत नाही. आबा वळलेच नाहीत. तुम्ही त्याचा नको तो अर्थ काढलात आणि संक्रांतीलाही फिरकला नाहीत. एवढ्याशा जिवानं ते सगळं पाहिलं होतं, आणि आम्ही मोठे इतके दिवस त्यांच्या स्वभावाला बोल लावत बसलो. तिच्याकडे पाहिलं की मला अजून नवल वाटतं.

शेवगावला डॉक्टरांना दाखवलं. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. मशीन बसवायचं ठरलंय.

काल मीही आबांच्या समोर बसले आणि तुमचं नाव काढलं. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "ओम्या मला न सांगता का गेला गं पोरी? माझं काय चुकलं?"

त्याचं उत्तर तुम्ही येऊन, त्यांच्या समोर बसून द्या.

आबांच्याही वतीनं वाट पाहणारी,
तुमची वहिनी
धनश्री