सातवा खांब

सोमवार, ३ तारीख
नोकरी लागली, या वयात. विद्यापीठाच्या ग्रंथालयावर दोन मजले चढवायचे आहेत, म्हणून खालचे खांब हातोडीने ठोकून बघायचे. खणखणीत वाजला तर खडूने बरोबरची खूण, पोकळ वाजला तर फुली. इंजिनियरबाई म्हणाल्या, आजोबा, इमारत तुमच्या हातची, तिची नाडी तुम्हालाच कळणार. सून म्हणाली, घरात चार हाका मारल्या तरी ऐकू येत नाही, आणि निघाले खांब ऐकायला. सगळे हसले, मीही. परीक्षांमुळे वाचनकक्ष चालूच आहे. नात तिथेच अभ्यासाला बसते. डबा बरोबर खायचं ठरलं.

बुधवार, ५
सहा खांब झाले, सगळे चांगले. काँक्रीट उघडंच आहे, साच्याच्या फळ्यांच्या रेघा अजून दिसतात. गिलावा आहे तो फक्त सातव्याला. का, ते मला माहीत आहे.
चाळीस वर्षांपूर्वी मी वरून काँक्रीट ओतायचो आणि खाली मुक्या, माझा जोडीदार, फळ्यांना कान लावून बसायचा. त्याला बोलता येत नसे, ठोक्यांनी सांगायचा. एक ठोका म्हणजे ओता, दोन म्हणजे थांबा. सातव्याला त्याने दोन दिले. मला घरी जायची घाई होती, मी ओतत राहिलो. फळ्या काढल्या तर आत मधाचं पोळं. भोकांत गोणपाट कोंबलं, वर गिलावा मारला. गिलावा कशाला, असं साहेबांनी विचारलं तेव्हा सांगितलं, मुक्याने फळ्या काढताना कडा फोडल्या. त्याला कामावरून काढलं. तो काय बोलणार होता? वर्षभरात तो गेल्याचं कानावर आलं.

गुरुवार, ६
सातव्याला एक ठोका दिला. आतून दोन आले.
कान वाजले असतील. बरोबरची खूण केली.

शनिवार, ८
नात त्याच खांबाला टेकून बसते, गार लागतो म्हणे. जागा बदल म्हणालो. का, म्हणाली. बाईंकडे गेलो. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, तुमच्यामुळे काम सोपं झालं म्हणाल्या. मी सांगून आलो, सगळे खांब चांगले आहेत.

मंगळवार, ११
मी ठोकत नाही, तरी दोन. परत दोन. गिलाव्याला चीर पडलीय, तीतून गोणपाटाचं सूत लोंबतंय. ओलं आहे. चाळीस वर्षांनी ओलं —
नात म्हणाली, आजोबा, सारखं काय ठोकता, वाचू द्या ना. माझे दोन्ही हात खिशात होते.

शुक्रवार, १४
वर काँक्रीटचा पंप सुरू झाला. नात खांबाशी, मी समोरच्या टेबलावर. सांगायला हवं. विचारतील, तुम्हाला कसं ठाऊक — विचारू देत —
दोन. दोन. दोन.
तोंड उघडतो, आवाज निघत नाही. जागचं उठताही येत नाही. टेबलावर ठोकलं, दोनदा. तिने वर पाहिलं, हसली, ओठांवर बोट ठेवलं, परत वाचायला लागली.
लिहून दाखवतो. बाळ, ऊठ, तो खांब मीच —
आतले ठोके थांबलेत.
आता एक