साहेबांचा मुक्काम तबेल्यात

प्रिय ठकूबाई,

मागच्या दारात मी घोड्याची चंदी भिजवत बसलेली, भरड्यात कोंडा कालवत, आणि बाबा साहेबांना खरारा करता करता आदल्या दिवशीच्या बातम्या सांगतायत. बाबा गेले त्याच्या आधीच्या आठवड्यातली ही सकाळ, रोजच्यासारखीच. घोड्याला बातम्या सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही; मला मात्र पेपर स्वतःच वाचावा लागे. त्या दिवशीही मी त्यांच्या खराऱ्यात चूक काढली. लग्नानंतर अक्षरं जुळवत वाचायला शिकलेली मी, छापलेल्या शब्दावर माझा फार विश्वास. वाचनालयातलं घोड्यांवरचं जाडं पुस्तक तीनदा वाचून झालेलं. त्यांचं उत्तर ठरलेलं, "साहेबांनी कुठं वाचलंय ते?"

साहेबांना तबेल्यात ठेवून दहा दिवस झाले. माझा खांदा निखळल्यापासून पाण्याची बादली उचलवत नाही, तेव्हा तुझा सल्ला मानला. तबेला दोन गल्ल्या सोडूनच आहे. बारा घोड्यांची जागा, विटांची जमीन, प्रत्येक दारावर खडूने नाव आणि खाणं लिहिलेलं. मालकीण तुझ्याच वयाची, बोलायला फटकळ पण कामाला वाघ. तिने एक फॉर्म दिला: खाणं काय, दुखणी कोणती, हाताळायचं कसं. मी चष्मा पुसून, टेबलाशी बसून सुवाच्य अक्षरात भरला. ती म्हणाली, इतका व्यवस्थित फॉर्म आजवर कुणी दिला नाही. मी दिवसभर फुगून होते.

आणि साहेबांनी माझं नाक कापलं. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. घोड्यांची निगा राखणारे तिथले मोतद्दार आजोबा जवळ गेले की साहेब गर्रकन फिरून भिंतीला तोंड लावतात. दोर बांधू देत नाहीत, अंगाला हात लावू देत नाहीत, चंदी अर्धी टाकतात. तू शोधलेलं गिऱ्हाईक बघायला आलं, तर त्यांना शेपूट तेवढं दाखवलं. तरी त्या गृहस्थांना रंग आवडला म्हणे. मालकीण म्हणाली, "काकू, मालक गेल्याचं दुःख असतं जनावराला. शनिवारपर्यंत बघू, नाहीतर त्यांच्याकडे जाऊ दे." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवून रडून घेतलं. दुःख म्हटलं की मला लगेच पटतं. हल्ली त्याच्याशीच तर ऊठबस आहे.

शुक्रवारी निरोप घ्यायला म्हणून गेले. आजोबा दोर घेऊन साहेबांच्या डाव्या अंगाला गेले. साहेब फिरले. आजोबा पुन्हा डावीकडे, साहेब पुन्हा फिरले. दोघांचं असं चाललेलं, आणि मला एकदम बाबा आठवले. बाबांचा डावा गुडघा ताठ. रिकिबीत डावा पाय जाईना, म्हणून चौदा वर्षं ते उजवीकडून चढले, उजवीकडून उतरले. दोर, खरारा, गप्पा, सगळं उजवीकडून. चौदा वर्षं मी त्यांना घोड्याजवळ डावीकडून जावं असं सांगणारं पुस्तकातलं पान दाखवत राहिले. आणि फॉर्मवर मी काय लिहिलं होतं? 'डाव्या बाजूने हाताळावे.' खाली रेघसुद्धा मारली होती. सगळं जग डावीकडूनच जातं, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. साहेबांना दुःख असेलही, मी कोण सांगणार. पण भिंतीला तोंड लावायचं कारण माझं सुवाच्य अक्षर होतं.

मी आजोबांच्या हातातला दोर घेतला आणि वळसा घालून उजवीकडे गेले. साहेबांनी मान खाली घातली आणि अख्खं डोकं माझ्या दुखऱ्या खांद्यावर टेकवलं. कळ पार मस्तकात गेली, पण मी हलले नाही. आजोबा म्हणाले, "बाई, एवढंच होतं तर लिहायचं नाही का?" मी म्हटलं, लिहिलं होतं, तिथंच तर घोळ झाला. मालकीण इतकी हसली की शेजारची घोडी दचकली. मग तिने कोरा फॉर्म पुढे केला. या वेळी बाबा कसं करत ते आठवून लिहिलं: कुठे खाजवलेलं आवडतं, कुठल्या वळणावर बिचकतात, पाणी पिताना शीळ कशी घालायची. जागा पुरेना, मागे लिहिलं, आणखी एक कागद मागितला. एवढं सगळं मला ठाऊक आहे याचं मलाच नवल वाटलं. चौदा वर्षं मी नुसत्या चुका काढत होते असं मला वाटायचं.

ठकू, एवढं पाल्हाळ लावलं ते अशासाठी. तू माझी खोली तयार केलीस, पडदे बदललेस, जावईबापू पुढच्या रविवारी न्यायला येणार. त्यांना थांबव. मी तुझ्याकडे येईन, पण पाहुणी म्हणून, आठ दिवस, आणि भरपूर चुका काढीन. राहायला मात्र येत नाही. साहेब तबेल्यातच राहतील; बादल्या आणि लीद आजोबांकडे, चंदी आणि खरारा माझ्याकडे, असं ठरलंय. रागावलीस तर पत्रात रागव, फोनवर मला उत्तर सुचत नाही. त्या गृहस्थांना शुक्रवारीच नाही म्हणून कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तबेल्यात गेले, स्टुलावर चढले आणि आयुष्यात पहिल्यांदा साहेबांच्या पाठीवर बसून पटांगणाला एक फेरी मारली. दोर आजोबांनी धरला होता.

तुझीच, हट्टी
आई